मार्गशीर्षातली अरुंधती

ता. ६ जानेवारी १९६५, बुधवार

आज घरात आले ते:
जुनी पितळी दुर्बीण, अकोल्याच्या एका निवृत्त ओव्हरसियरकडून, डोळा लावायच्या दोन काचांसह : रु. ९५
एस.टी.च्या टपावरून आणणावळ : रु. १.७५
हमाल, स्टँडपासून घरापर्यंत : २० पैसे
तिपाई, दयाराम सुताराची मजुरी (लाकूड घरचे) : रु. ४
पेढे, देवापुढे : ५० पैसे

पेढे सोडून सगळा खर्च अर्जुनाच्या पगारातला, म्हणून दुर्बिणीवरून मी बोलले नाही. बोलले ते लाकडावरून. तिपाईचे तिन्ही पाय ओळखीचे वाटले म्हणून हात लावून पाहिला, तर आमच्या पाळण्याचे दांडे! अर्जुन स्वतः ज्यात झोपला तो पाळणा.

"अरे, पाळणा मोडलास?"

"माळ्यावर वाळवी खाऊन राह्यली होती त्याले. आणि तसंही, आई, कोण झोपणार आहे त्यात?"

एवढे बोलून तो जिन्याने वर, घराच्या धाब्यावर गेला. इथल्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवतो. वर्गात मोठ्याने बोलतो म्हणतात, घरात आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरे झाले असते. लग्नाला अजून महिना झाला नाही, सून धाड गावी माहेरी आहे, आणि तिला तिथे मीच थांबवली आहे. पाळण्याचे बोलणे मला होते हे मला कळले. मी दुर्बिणीच्या नळीला कुंकू लावले आणि पेढा ठेवला.

ता. ८ जानेवारी, शुक्रवार

सून माहेरी का, ते आज लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विचारले तर शब्द इकडचे तिकडे होणार नाहीत.

लग्न मार्गशीर्ष शुद्धात, ता. ११ डिसेंबरला, धाडला मुलीच्या दारी झाले. गोरज मुहूर्त. सप्तपदी झाली, दिवे लागले, आणि आमच्या गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेले. उत्तरेकडे निंबाच्या शेंड्याशी हात केला आणि म्हणाले, "अरुंधतीचं दर्शन घ्या." अर्जुन म्हणाला, दिसली. आमच्या वन्स, सत्यभामाबाई, सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाल्या, दिसली गं बाई दिसली! मीही मान वर केली. शेंड्यावर एक तारा चमकत होता. हात जोडले आणि म्हणाले, दिसली.

नवरीला, पुष्पाला, विचारले तर ती म्हणाली, "मले तं नाही दिसत."

वन्सनी कोपराने ढोसले, "दिसली म्हण वं." तर पुन्हा, "पण नाही दिसत तं कसं म्हणू?"

अरुंधती जिला दिसत नाही तिचे आयुष्य सहाच महिने, असे लहानपणापासून ऐकलेले. वन्सनी ते तिथेच, तिच्या आईच्या देखत, बोलून दाखवले. मी मॅट्रिक झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असे मी म्हणते, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. एकुलता मुलगा. म्हटले, एक तर हिची नजर अधू आहे आणि लपवली आहे, नाही तर अपशकुन आहे, नाही तर पोर हट्टी आहे. तिन्हींतले कोणतेच मला नको होते.

इथे आली तेव्हा मी तिची परीक्षा घेतली. दिवेलागणीला ओट्यावरचे बारके खडे तुरीच्या डाळीत मिसळले आणि सूप तिच्या हातात दिले. तिने पाखडून, निवडून डाळ परत आणली. खडे वेगळे मुठीत. म्हणाली, "आत्याबाई, हे तं आपल्या ओट्यावरले खडे दिसतात." आणि हसली.

नजर चांगली आहे, हे तेव्हाच कळायला हवे होते. मला एवढेच कळले की सून सासूला हसली. मांडवपरतणीला ती माहेरी गेली, आणि मी मागून निरोप धाडला: डोळे तपासल्याशिवाय पाठवू नका.

तेव्हापासून अर्जुन माझ्याशी कामापुरते बोलतो. आज मात्र जेवण झाल्यावर वर बोलावले. मृगाच्या बाणाखाली काही दाखवायचे होते. दुर्बिणीत सगळे उलटे दिसते, तेव्हा आधी काही उमजेना. मग दिसले. पोळपाट ओल्या हाताने पुसल्यावर पिठाचा पांढुरका ओरखडा राहतो, तसे काहीतरी, आणि त्यात दाण्यासारखे चार तारे एकमेकांना चिकटून.

"काय रे हे?"

"तेजोमेघ. त्यात तारे जन्मतात. ते चार अजून तान्हे आहेत."

मी नमस्कार केला. पाळण्याच्या दांड्याला हात लागला तसा मागे घेतला.

ता. १४ जानेवारी, गुरुवार, संक्रांत

सुनेची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा दुकानातून आली नाही, कारण सांगितलीच नव्हती. हलव्याचे दागिने केले नाहीत.

वाण घ्यायला आलेली प्रत्येक बाई आत डोकावली. "नवी नवरी कुठं लपवून ठेवली?" मी म्हणाले, तिला ताप आहे, धाडलाच ठेवली. तिळगूळ हातावर ठेवत, गोड बोला म्हणत खोटे बोलले. एकदा नाही, आली तितक्यांदा. वन्स कोपऱ्यात बसून पायांना हळद लावून घेत होत्या. म्हणाल्या, "ताप काऊन नाही येणार? लिहिलेलंच हाय तिच्या कपाळी."

संध्याकाळी शेगावच्या महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा लावला. डोळे वर करवेनात. दिव्याकडेच पाहिले.

ता. २० जानेवारी, बुधवार

आज भगवंतराव आले. पुष्पाचे वडील. धाडहून सकाळच्या गाडीने, धुतलेले धोतर, हातात वांग्यांची पिशवी. ओट्यावरच उभे राहिले.

"इहीनबाई, अकोल्याले नेऊन आलो. डाक्टर म्हणे, पोरीची नजर घारीसारखी हाय. आता केव्हा आणून घालू सांगा."

मी हो म्हणायला हवे होते. तोंडावर आलेही होते. पण नजर चांगली, तर मग राहिले काय? सहा महिनेच राहिले! तोंडातून निघाले ते हे: "डॉक्टरच्या सांगण्यानं काय होतं? ज्येष्ठ तरी जाऊ द्या."

मार्गशीर्षापासून ज्येष्ठ, सहा महिने. त्यांनी मनात मोजले असणार. पोरीचा बाप. मग हळू म्हणाले, "म्हंजे माही पोर मरते का जगते, ते पाहून नेणार तुम्ही."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. घेतला नाही. वांगी ओट्यावर ठेवून निघून गेले. उन्हातून आलेला माणूस माझ्या दारातून पाणी न पिता गेला. माझ्या आईच्या घरी भिकाऱ्याच्या बाबतीतही असे कधी झाले नाही.

अर्जुनाचे वडील बाजार समितीतून आल्यावर मी त्यांना सांगितले. हे चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "वांग्यांचं काय करतेस?" भाजी केली. अर्जुनाने तेवढी भाजी वाढून घेतली आणि कोरडी भाकरी सोडून तीच खाल्ली.

ता. २८ जानेवारी, गुरुवार

हल्ली जेवणे झाली की मीच वर जाते. थंडी आहे, घोंगडी घेते. अर्जुनाशी बोलणे होते ते तिथेच, आणि तेही ताऱ्यांचे. पण बोलणे होते.

आज देवयानी. तिच्या कमरेशी एक लांबट धुरकट ठिपका. म्हणे ते आपल्यासारखेच दुसरे विश्व आहे, आणि इतके लांब की हा उजेड तिथून निघाला तेव्हा माणूस माणूस झाला नव्हता. मी म्हटले, "म्हणजे आता तिथं काही उरलं नसेल तरी आपल्याला दिसतंच राहणार?" तो म्हणाला, "हाव. आणि कधी कधी असूनही दिसत नाही." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मग तिच्या पायाचा तारा दाखवला. नुसत्या डोळ्यांना एक. दुर्बिणीत दोन, एक हळदीसारखा, दुसरा निळसर. मी बाई पुनःपुन्हा पाहिला. इतकी सुंदर जोडी मी दागिन्यांतही पाहिली नाही.

"ही खरी जोडी आहे," अर्जुन म्हणाला. "काही जोड्या नुसत्या एका रेषेत दिसतात, त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. काही मात्र खरोखर एकमेकांभोवती फिरतात. नुसतं बघून ओळखू येत नाही. वर्षानुवर्षं नोंद ठेवावी लागते."

हे जिन्यावरून खोकत वर आले. "काय दिसून राह्यलं? सरकीचे भाव दिसतात का त्यातून?" आम्ही हसलो. या घरात महिन्याने हसणे झाले.

अर्जुनाने माझ्यावर एक काम सोपवले. "तू हिशेब ठेवतेस, तर हाही ठेव. कोणता तारा केव्हा जिनिंगच्या पत्र्यावर येतो, केव्हा महादेवरावांच्या निंबामागे जातो, ते लिही." महादेवराव आमचे शेजारी, आणि जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आमच्या ईशान्येला. मी म्हटले, लिहीन. कशाला ते विचारले नाही.

खाली उतरताना मागे पाहिले. तो पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. तिकडे बघण्यासारखे काही नव्हते, दुर्बीणही झाकून ठेवली होती. तिकडे नुसता धाडचा रस्ता आहे.

ता. २ फेब्रुवारी, मंगळवार

आभाळ. वाती वळल्या. देवयानी दिसली नाही, तर चुकल्यासारखे वाटले. या वयात हे काय वेड!

ता. १९ फेब्रुवारी, शुक्रवार

काल-परवापर्यंत चांदणे होते, म्हणून नोंद थोडी. पण एक गोष्ट ध्यानात आली. तारे वेळेवर येत नाहीत. रोज चार मिनिटे आधी येतात. दूधवाला असे करू लागला तर महिन्यात दोन तास आधी दारात उभा राहील. पुनर्वसू, पुष्य, सगळ्यांचे तेच. पुष्यातला पुंजका परवा पाहिला, फडक्यावर राजगिरा सांडल्यासारखा. तोही मागच्या महिन्यात याच वेळेला कितीतरी खाली होता.

अर्जुनाला सांगितले तर म्हणाला, "बरोबर. आणि मागे मोजत गेलीस तर?"

"तर तेवढेच उशिरा."

"हं," म्हणाला, आणि काच पुसू लागला.

ता. २४ फेब्रुवारी, बुधवार

आज सप्तर्षी. पावणेनऊच्या सुमाराला जिनिंगच्या पत्र्यावर पुढचे तारे आधीच उभे होते, आणि शेपटीतला मधला नुकताच वर आला. अर्जुनाने विचारले, "ओळखलास?" मी म्हटले, "न ओळखायला काय झालं? वसिष्ठ. आणि शेजारी ती." खरेच, बारकी, वसिष्ठाच्या डोक्याशी, चिमणीने अंग चोरून बसावे तशी. मला चांगली दिसली. किती बरे वाटले, कसे सांगू!

दुर्बिणीतून पाहिले तर आणखी नवल. वसिष्ठ स्वतःच दोन! एकमेकांना खेटून, आणि अरुंधती बाजूला. जन्मभर नमस्कार केला त्या जोडप्यात तिघे आहेत, हे पन्नाशीला आल्यावर कळले.

"नोंद कर," अर्जुन म्हणाला. केली: अरुंधती, जिनिंगच्या पत्र्यावर, पावणेनऊ.

लिहिताना हात थांबला. का ते तेव्हा कळले नाही. खाली येऊन दुधाला विरजण लावले, दार लावले, अंथरुणावर पडले.

आणि मग कळले.

ता. २५ फेब्रुवारी, गुरुवार

स्नान करून, देवपूजा न करता, आधी हिशेबाला बसले. रोज चार मिनिटे. महिन्याला दोन तास. ११ डिसेंबर म्हणजे अडीच महिने मागे, म्हणजे पाच तास उशिरा. पावणेनऊ आणि पाच. म्हणजे त्या रात्री अरुंधती दिसण्याइतकी वर आली ती पावणेदोनला. पुन्हा केला. तेच आले. मुनीमजीसारखा उलटा करून पाहिला. तेच.

दिवेलागणीला, निंबाच्या शेंड्यावर, ती नव्हतीच. ती जमिनीच्या खाली होती.

मग मी हात कुणाला जोडले? वन्सना काय दिसले? मांडवभर माणसांना काय दिसले? ती तर कुणालाच दिसली नाही. गुरुजींनी हात केला आणि आम्ही सगळे दिसली म्हणालो. एकट्या तिने आपल्या डोळ्यांचे ऐकले. आणि तिला आम्ही, नाही, आम्ही नाही, मी. मी तिला मरायची मुदत घालून बापाच्या घरी बसवली.

शेगावी परवाच महाराजांचा प्रकटदिन झाला. जायचे होते, खर्च वाचवावा म्हणून राहिले. आता वाटते, बरे झाले. कोणत्या तोंडाने गेले असते?

अर्जुन शाळेतून आला. चहा दिला आणि विचारले, "तुला ठाऊक होतं?"

त्याला उमजले. "हाव. नाताळच्या सुट्टीत पुस्तकात पाहिलं. विश्वास बसेना. मग एका रात्री धाब्यावर बसून राहिलो. एकच्या सुमाराला आली."

"मग मला सांगितलं काऊन नाहीस?"

"तू ऐकलं असतंस? बायकोची बाजू घेतो म्हणाली असतीस."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत म्हणाले असते.

मग त्याने पेला खाली ठेवला. "आणि मी कोणत्या तोंडानं सांगू, आई? मुंडावळ्यांतून मलेही काही दिसत नव्हतं. सगळे म्हणाले म्हणून मीही दिसली म्हटलं. विज्ञानाचा मास्तर! तिचा हात माझ्या हातात होता. मी एक शब्द खरा बोललो असतो तर ती एकटी पडली नसती."

"मग जा आणि घेऊन ये तिला."

"गेलो होतो. शाळेच्या कामानं जातो म्हणालो, तेव्हा. ती म्हणाली, ज्यांनी थांबवलं त्यांनी न्यावं. माझ्यामागं चोरासारखी येणार नाही म्हणे."

बरोबर आहे तिचे. मला राग आणता आला असता तर हलके वाटले असते. आला नाही.

ता. १ मार्च, सोमवार, महाशिवरात्र

देवळात सगळ्या होत्या. बेल वाहिला. ठरवून गेले होते की आज ओवरीत बसल्यावर सांगून टाकायचे. चारचौघींत जे बोलले ते चारचौघींतच पुसले पाहिजे. घरात रडून काय उपयोग?

"सुनेचा ताप उतरला का?" एकीने विचारले.

मी म्हणाले, "उतरतो आहे."

एवढेच बोलता आले. उपासाचे खाल्ले नाही. उपास म्हणून नाही.

ता. ८ मार्च, सोमवार

महादेवरावांच्या मुलीचे, चांगुणाचे, लग्न झाले. शेजार, त्यातून मी सवाष्ण, पुढे उभी. गोरज मुहूर्त. गुरुजी आमचेच. सप्तपदी झाली, दिवे लागले, गुरुजींनी चांगुणाला मांडवाबाहेर आणले आणि उत्तरेकडे हात केला.

"अरुंधतीचं दर्शन घ्या."

"दिसली!" वन्स म्हणाल्या. सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यांदा.

दिसली, दिसली, असे मागून उठले. चांगुणा मान वर करून डोळे बारीक करत होती. पोरीचा चेहरा रडवेला झाला. मी तो चेहरा आधी पाहिला होता. तेव्हा त्या चेहऱ्याकडे बघून मी ओठ आवळले होते.

महाराजांचे नाव घेतले आणि बोलले. वाटले होते त्यापेक्षा मोठ्यांदा निघाले.

"मला नाही दिसत."

वन्सनी लुगडे ओढले. "अन्नपूर्णे, लगनात हाओत आपण!"

"नाही दिसत, वन्स. कुणालाच दिसत नसणार. अजून जिनिंगच्या पत्र्यावर यायची आहे. जेवणं होऊ द्या, मी दाखवते. आणि धाडला आमच्या लग्नात तर ती नव्हतीच. मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवली. माझी सून खरं बोलली. मी खोटं बोलले. तिला ताप नाही, कधीच नव्हता. मी तिला घरातून काढली."

बोलून झाल्यावर कुठे बघावे कळेना. कुणी हसले नाही, हेच अवघड. मी गुरुजींकडे वळले. म्हटले, "तुम्ही तरी सांगायचं होतं."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, शास्त्रात दर्शन करवायचं आहे, मी हात करतो. डोळ्यांनी नसली तर मनानं घ्यायची. पण दिसली असं मी आजवर कोणत्या लग्नात म्हटलं का? आठवा."

आठवले. त्यांनी कधीच म्हटले नाही. ते आमचे आम्हीच म्हणत आलो.

जेवणे उरकली. साडेनऊला शेवंतीच्या फुलांनी भरलेली चांगुणा आणि तिचा नवरा, मागे अर्धा मांडव, असे आमचे धाबे भरले. हे म्हणाले, "धाबं खाली येईल, तारा नंतर." अर्जुनाने दुर्बीण लावलीच नाही. म्हणाला, अरुंधती बघायला काच कशाला?

चांगुणाने क्षणभर पाहिले. "ती! मोठ्याच्या डोक्यापाशी बारकी. दोन हायेत ना, मावशी?" तिच्या आवाजात काय होते ते लिहिता येत नाही. मग एकेक जण बघू लागला. कुणी हो म्हणाले, कुणी खरोखर शोधत राहिले. या वेळी कुणी घाई केली नाही.

शेवटी वन्स कठड्याशी आल्या. बराच वेळ पाहत होत्या. मग माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"अन्नपूर्णे, मले नाही दिसत वं."

"वसिष्ठ दिसतो का?"

"कोणता वसिष्ठ? मले तं जिनिंगवर नुसतं धुकं दिसते. कितीक सालापासून." आणि एकदम लहान मुलीसारख्या, "माहे सहा महिने राह्यले का?"

सूड घ्यायला याहून चांगली वेळ नव्हती. मनात आलेही, खोटे कशाला लिहू. पण त्यांच्या डोळ्यांवरचा तो करडा पडदा चांदण्यात दिसत होता, आणि मी इतकी वर्षे समोर बसून तो पाहिला नव्हता.

"मोतीबिंदू आहे, वन्स. अकोल्याला जाऊ. डॉक्टर चांगला आहे म्हणतात."

ता. १० मार्च, बुधवार

दोन दिवस पत्र लिहिते आहे. भगवंतरावांना लिहावे अशी रीत. पण अपमान तिचा केला, तर पत्र तिलाच. नक्कल इथे ठेवते.

चि. सौ. पुष्पा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सासूने सुनेला आशीर्वाद लिहावा म्हणून लिहिला. खरे तर मी तुझी क्षमा मागायला बसले आहे, आणि क्षमा मागायचा मायना मला येत नाही.

लग्नात तू नाही दिसत म्हणालीस, ते खरे होते. मी दिसली म्हणाले, ते खोटे. त्या वेळी अरुंधती उगवलीच नव्हती. हे मला अर्जुनाने सांगितले नाही, मी स्वतः हिशेब केला, म्हणून तू माझ्यावर विश्वास ठेवशील असे वाटते. परवा चांगुणाच्या मांडवात मी हे सर्वांसमोर सांगितले. तुझ्यासमोर सांगायचे राहिले आहे, तेच जास्त अवघड.

डाळीतले खडे मीच टाकले होते. तुला तेव्हाच कळले होते.

तुझ्या वडिलांना सांग, होळी झाल्यावर तुला न्यायला मूळ घेऊन मी स्वतः येईन. सासू मुळाला जात नाही हे मला ठाऊक आहे. ते माझ्या दारातून पाणी न पिता गेले. मी तुमच्या दारात उभी राहीन आणि आधी पाणी मागेन. द्यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

अर्जुनाने पाळण्याच्या लाकडाची तिपाई केली आहे. दयाराम म्हणतो, दांडे कापलेले नाहीत, परत जोडता येतील. पण हे तुला ओढायला लिहीत नाही. लिहिले आणि खोडावेसे वाटले, पण राहू दे.

तुला यायचे नसेल तर मी तुला दोष देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला देऊही देणार नाही.

एक कर. होळीचे चांदणे वाढण्याआधी एखाद्या दिवशी जेवणे झाल्यावर अंगणात ये. निंबाच्या शेंड्याकडे नको, ईशान्येला पाहा. दिसली तर दिसली लिही. नाही दिसली तर नाही लिही. आणि मी यावे की न यावे, तेही तसेच लिही. माझे मन राखायला नको; तुला असेल तसे. उलट टपाली कळव.

तुझी सासू,
अन्नपूर्णा